काखेत कळसा आणि भिंतीतली वायर



पाचोरा तालुक्यातल्या एका गावी आमच्या आतेबहिणीचे घर आहे. घर जुन्या पद्धतीचे, धाब्याचे. पुढे ओटा, मग ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी मागे गोठ्याला लागून एक खोली. भिंती मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. वैशाखात बाहेर पाय भाजत असले तरी आत माठातल्यासारखा गारवा. असे घर आज बांधायचे म्हटले तर बांधणारा गवंडी मिळणार नाही.

पण या घराला एक नवीनच अडचण आली. घरी फायबरचे इंटरनेट घेतले. वायर टाकणारा मुलगा आला, ओसरीत दाराजवळ पांढरी डबी ठोकून निघून गेला. ओसरीत नेट उत्तम. माजघरात अर्धे. मागच्या खोलीत शून्य! आणि अभ्यासाची खोली तीच. भाची बारावीला. तिचा शिकवणीचा वर्ग मोबाइलवर रात्री नऊला सुरू होतो. ओसरीत पुरुषमंडळींची बैठक आणि टीव्ही. म्हणून ती पोर थंडीत शाल पांघरून ओट्यावर बसायची. डास चावायचे. रस्त्याने येणारे-जाणारे बघायचे. शेवटी आजी म्हणाली, "रात्री ओट्यावर बसणे आजपासून बंद." आजीचेही चुकले म्हणता येत नाही. पण वर्ग तर नऊलाच होता.

भिंतीला भोके पाडून नवी वायर न्यावी, असे भाऊजींनी ठरवले. त्यालाही आजीने हात आडवा केला. मातीच्या भिंतीला एक भोक पाडायला जावे तर शेजारचे ढेकूळही सुटते. तीन भिंती फोडायच्या आणि मग पावसाळ्यात रडत बसायचे, हे तिला मान्य नव्हते.

मी गेलो तेव्हा घरात हा वाद चालू होता. बोलता बोलता माझी नजर माजघराच्या तुळईकडे गेली. तुळईच्या कडेने एक काळी वायर, खिळ्यांना अडकवलेली, धुराने माखलेली, थेट मागच्या खोलीपर्यंत गेली होती. मी विचारले, "ही कसली?" आजी हसून म्हणाली, "भाऊ, हाई वायर काय कामनी शे? टीव्हीनी शे, जुनी."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा! आजचे लिखाण त्या वायरीबद्दल आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात ती आहे. ती कधी उपयोगी पडते, कधी पडत नाही आणि तिच्यापायी पैसा कुठे वाया जातो, हे नीट समजून घेऊ.

ही वायर घरात आली कशी?

१९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' बघायला अख्खी गल्ली एका घरात बसायची, हे ज्यांचे केस पिकले त्यांना आठवत असेल. तेव्हा धाब्यावर काठ्यांचा ॲन्टेना असे. १९९१ साली स्टार आणि १९९२ साली झी वाहिनी आली, आणि गावोगावी केबलवाले उभे राहिले. त्यांनी खांबांवरून, झाडांवरून, धाब्यांवरून काळ्या वायरी ओढल्या. ज्याच्या घरी दोन टीव्ही त्याच्या घरात दोन खोल्यांपर्यंत वायर गेली. पुढे २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली आणि खासगी कंपन्यांच्याही छत्र्या लागल्या. तेव्हा छत्रीपासून टीव्हीपर्यंत आणखी एक वायर आली. २०१२ पासून केबलचे टप्प्याटप्प्याने डिजिटल रूपांतर झाले, खेड्यांची पाळी शेवटी, ३१ मार्च २०१७ पर्यंतच्या मुदतीत आली. त्या घालमेलीत पुष्कळांनी केबल सोडली आणि डिश धरली. जुनी वायर मात्र कोणी काढली नाही. आपल्याकडे विहिरीवरचे मोडके चाकही कोणी फेकत नाही, वायर कोण फेकणार?

या वायरीचे शास्त्रीय नाव कोॲक्सियल केबल. इंग्लंडमधील ऑलिव्हर हेवीसाइड या संशोधकाने १८८० साली या रचनेचे पेटंट घेतले होते. रचना साधी आहे. मधोमध तांब्याची एक तार. तिच्याभोवती पांढरा फेस किंवा प्लास्टिक. त्यावर चकचकीत पत्रा आणि बारीक तारांची जाळी. सर्वांत वर काळे आवरण. संदेश मधली तार आणि जाळी यांच्या दरम्यानच्या पांढऱ्या भागातून धावतो. जाळी त्याला बाहेर सांडू देत नाही आणि बाहेरचा गोंधळ आत येऊ देत नाही. वायफायच्या लहरींना मात्र उघड्यावरून, भिंतीतून जावे लागते. जाड आणि ओलसर मातीच्या भिंतीत त्या मुरून जातात. म्हणजे वायफाय हे पाटाचे पाणी आणि ही वायर म्हणजे पाइपातले पाणी. आपल्या जळगाव जिल्ह्याला ठिबकचे महत्त्व सांगायला नको!

मग यातून इंटरनेट जाते कसे?

त्यासाठी वायरीच्या दोन टोकांना दोन लहान डब्या लावाव्या लागतात. या पद्धतीला 'मोका' म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. हा पोलिसांचा मोक्का नव्हे! परदेशातल्या काही कंपन्यांनी २००४ साली एकत्र येऊन 'मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स' ही संघटना केली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द. अमेरिकेत घरोघरी खोल्या-खोल्यांतून केबल टीव्हीची वायर टाकलेली असते. ती भिंत न फोडता वापरावी म्हणून ही युक्ती निघाली. एक डबी राउटरजवळ बसते आणि राउटरमधून आलेला मजकूर वायरीत सोडते. दुसरी डबी लांबच्या खोलीत तो पुन्हा बाहेर काढते. २०१६ साली आलेल्या 'मोका २.५' या प्रकारात वायरीवरून सेकंदाला अडीच गिगाबिटपर्यंत वेग धरला आहे. आपल्या घरच्या जोडणीचा वेग तीस, पन्नास किंवा शंभर मेगाबिट असेल, तर वायर कमी पडणार नाही. एका वायरजाळ्यावर अशा सोळापर्यंत डब्या चालू शकतात. आपल्याला बहुधा दोनच लागतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मागच्या खोलीतली डबी स्वतः वायफाय देईलच असे नाही. बहुतेक डब्यांना फक्त लॅनची वायर जोडायचे भोक असते. त्यापुढे एखादा जुना राउटर लावावा आणि तो 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालेल असा बदल त्यात करून घ्यावा. हे काम कॉलेजातला कोणताही चुणचुणीत मुलगा पंधरा मिनिटांत करतो.

पहिला प्रश्न: आपली वायर कोणती?

सारे यश या एका प्रश्नावर आहे. तीन प्रकार संभवतात.

पहिला, केबल बंद केलेली असून वायर रिकामी पडली आहे. हा सर्वांत सोपा प्रकार. बाहेरून, खांबावरून येणारी वायर आधी घराबाहेरच सोडवून घ्यावी. ती तशीच राहिली तर आपला मजकूर शेजारच्या घरापर्यंत जाऊ शकतो.

दुसरा, केबल अजून चालू आहे. केबलच्या वाहिन्या साधारण साडेआठशे-नऊशे मेगाहर्ट्झच्या खाली असतात आणि मोकाच्या डब्या ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान बोलतात. म्हणून दोघे एका वायरीत नांदू शकतात, जसे एकाच रुळावरून मालगाडी आणि पॅसेंजर आपापल्या वेळेला जातात. मात्र घरात वायर शिरते तेथे एक 'फिल्टर' बसवावा लागतो. तो केबलच्या वाहिन्या आत येऊ देतो आणि आपला मजकूर बाहेर जाऊ देत नाही. ठिबकच्या पंपाजवळ जसा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तसा हा. केबलवाल्याला सांगूनच हे करावे.

तिसरा, वायर छत्रीला जोडलेली आहे आणि डिश चालू आहे. या वायरीला हात लावू नका! छत्रीकडून खाली येणारा संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे मोकाची जागा नेमकी त्याच्या मध्ये. दोघांची टक्कर होते. शिवाय त्याच वायरीतून टीव्हीची पेटी छत्रीच्या तोंडाला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पुरवत असते. ती डबीत शिरली तर डबी जळू शकते.

ही चूक मी स्वतः केली, म्हणून सांगतो. आतेबहिणीच्या घरी छत्रीची वायर नवी, चकचकीत दिसली. जुन्या काळ्या वायरीपेक्षा ती बरी, असे मला वाटले. तिचा जोड सोडला, डबी लावली. नेट तर आले नाहीच, वर आजीचे कीर्तन मध्येच बंद पडले. डबी वाचली ते नशीब. आजीचे बोलणे मात्र वाचले नाही.

दुसरा प्रश्न: वायर जिवंत आहे का?

तपासणी अशी करा. आधी, काहीही सोडवण्यापूर्वी, जाळीला जोडलेल्या पिनेच्या धातूला टेस्टर लावून पाहा.  हे हसण्यावारी नेऊ नका. केबलच्या वायरी विजेच्या खांबांवरून जातात, आणि कुठेतरी गळती असली तर जाळीत वीज उतरलेली असते. टेस्टर पेटला तर तेथेच थांबा आणि वायरमनला बोलवा.

टेस्टर पेटला नाही तर दोन्ही टोके टीव्ही, पेटी, खांब या सर्वांपासून मोकळी करा आणि मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोके मोकळी असताना मधली तार आणि जाळी यांचा एकमेकांशी संबंध दिसता कामा नये. दिसला, तर वायर कुठेतरी चेपली आहे किंवा तिच्यातून खिळा गेला आहे. मग एका टोकाला मधली तार आणि जाळी एकमेकांना टेकवा आणि दुसऱ्या टोकाला पाहा. आता संबंध दिसला पाहिजे. दिसला नाही तर वायर तुटली आहे. घरात कापूस साठवला असेल त्या वर्षी उंदरांनी वायर कुरतडलेली असणे अगदी शक्य आहे.

टोकाची तार हिरवी पडली असेल तर वीतभर कापून टाका, आत लालसर तांबे दिसेपर्यंत. फेस ओला असेल तर तो तुकडा सोडूनच द्या. टोकाला पिळून बसवायची जुनी पिन असेल ती काढा आणि दाबून बसवायची नवी 'एफ' पिन केबलवाल्याकडून लावून घ्या. निम्मी दुखणी पिनेतच असतात.

तिसरा प्रश्न: मध्ये काय काय आहे?

जुन्या वायरीत बहुधा कुठेतरी स्प्लिटर असतो, म्हणजे एकाचे दोन करणारी लहान डबी. ठिबकच्या लॅटरलला टी लावला की दाब वाटला जातो, तसेच येथे. दोन फाटे झाले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडे कमीच मिळते. चार फाटे झाले तर पाचवा हिस्सा. साध्या आरजी-६ वायरीतही हजार मेगाहर्ट्झच्या आसपास पंचवीस मीटरमध्ये जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. डब्या याहून पुष्कळ जास्त घट सोसतात, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण विनाकारण फाटे ठेवायचेही कारण नाही.

जुन्या स्प्लिटरवर '५ ते १०००' असा आकडा छापलेला असतो. म्हणजे हजार मेगाहर्ट्झच्या वरचे तो नीट जाऊ देईल, याची हमी नाही. आमच्याकडे हेच झाले. काळ्या वायरीला दोन्हीकडे डब्या लावल्या, तरी जोडणीचा दिवा लागेना. तासभर शोधल्यावर ओसरीतल्या एका फोटोमागे गंजलेला स्प्लिटर सापडला. तो फाटा आता कोणालाच नको होता. स्प्लिटर काढला, दोन टोके एका जोडपिनेने सरळ जोडली आणि दिवा लागला! भाची मागच्या खोलीतून ओरडली, "मामा, आलं!"

आपल्याला स्प्लिटर लागणारच असेल, तर ज्यावर १६७५ किंवा त्याहून मोठा आकडा आहे तो घ्या. रिकाम्या राहिलेल्या तोंडाला ७५ ओहमचे बूच लावा. लॅटरलच्या शेवटी एंड कॅप लावतो तसेच. फरक एवढाच की येथे पाणी वाया जात नाही, तर आपटून मागे येते आणि पुढच्या मजकुरात घोळ करते. मध्ये सिग्नल वाढवणारी ॲम्प्लिफायरची पेटी असेल तर ती काढून टाका.

आता हिशेब

येथवर वाचून कोणी उद्याच पैसे घेऊन निघेल, म्हणून थांबवतो. आमच्याकडची डब्यांची जोडी अमेरिकेतल्या मामेभावाने वापरून झाल्यावर पाठवलेली होती. म्हणजे फुकट. आपल्याकडे अशा डब्या तालुक्याच्या दुकानात सहसा नसतात, मागवाव्या लागतात, आणि स्वस्त नसतात. परदेशी मागवल्या तर त्यांच्या चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिले आहे ना, ते आधी पाहा. नुसते ११० असेल तर आपल्या विजेवर त्या क्षणात जातील.

म्हणून डब्यांचा विचार शेवटी करा. आधी हे तीन मार्ग पाहा.

एक, फायबरची डबी मुळात चुकीच्या जागी बसली आहे का? ती ओसरीतून माजघरात सरकवली तर सारे घर भागते का? हा उपाय सर्वांत स्वस्त.

दोन, जुनी वायर भिंतीतल्या पाइपातून गेली आहे का? तसे असेल तर तिच्या टोकाला लॅनची वायर घट्ट बांधा आणि दुसरीकडून जुनी वायर ओढा. जुनी बाहेर येते, नवी तिच्या मागोमाग आत जाते. आपल्या पाचोरा-जामनेरच्या 'पीजे'ची छोटी गाडी २०२० साली थांबली आणि तोच मार्ग मोठ्या रुळाचा करायचे ठरले, तसेच हे. रूळ नवे, वाट जुनी. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि तिला वेगळ्या डब्या लागत नाहीत.

तीन, तुळईच्या कडेने, चौकातून किंवा दाराच्या चौकटीवरून लॅनची वायर उघडी नेता येते का? दिसायला बरी दिसणार नाही, पण काम पक्के होते.

हे तिन्ही जमत नसेल, वायर भिंतीत घट्ट लिंपलेली असेल आणि भिंत फोडायची नसेल, तरच डब्यांचा खर्च शहाणपणाचा. आतेबहिणीच्या घरी काळी वायर दोन भिंतींच्या आरपार लिंपलेली होती. ओढली तर भिंतच आली असती. म्हणून तेथे डब्या योग्य ठरल्या. नवे घर बांधणाऱ्यांनी मात्र पाइप टाकून ठेवावेत आणि त्यातून लॅनची वायर न्यावी. तेथे जुन्या वायरीची आठवणही काढू नये.

दोन इशारे देऊन संपवतो. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा खळ्यापर्यंत उघड्यावरून ही धातूची वायर ओढू नका. मृगाच्या आधीच्या वळवात वीज जवळ पडली तर तिची झळ वायरीने घरात येते. दोन इमारतींमध्ये फायबरची वायर घालावी, पण तिला आधाराची लोखंडी तार नसावी. दुसरे, डब्यांना स्वतःचा परवलीचा शब्द ठेवता येतो, तो ठेवा. आणि वीज गेली की दोन्ही डब्या आणि राउटर बंद पडतात, म्हणून इन्व्हर्टर असेल तर तिन्ही त्यावर घ्या.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद आपली आपण मोबाइलवरून करायची झाली. २०२५ साली सीसीआयने हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. सातबारा मोबाइलवर, पोरांचा अभ्यास मोबाइलवर. घरात नेट कुठवर पोचते, यावर घरातले कोण कुठवर पोचते हे ठरू लागले आहे. ओसरीत बसणाऱ्याला ते मिळते. माजघरात, स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत असणाऱ्यांना मिळत नाही. आणि तेथे कोण असते, हे मी सांगायला नको.

आतेबहिणीच्या घरी आता भाची मागच्या खोलीत दार लावून वर्ग करते. आजी तिच्याजवळ वाती वळत बसते आणि मध्येच विचारते, "हाऊ मास्तर काय सांगी राहिना?" ओटा रात्री नऊनंतर रिकामा असतो. भिंत शाबूत आहे.

या रविवारी एवढेच करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या आणि टीव्हीच्या मागून वायरीचा माग काढत जा. ती कुठून येते, कुठे जाते, छत्रीची आहे की केबलची, हे एका कागदावर मांडा. पैसे खर्च करायचे की नाही, याचे उत्तर बहुधा त्या कागदावरच मिळेल.